आमची चाळ, गिरणीचा भोंगा व आईची वही

स्मरणिकेत प्रत्येकीने एकेक विषय घ्यावा असे अध्यक्षबाईंनी सांगितले, तेव्हा कोणी उपवासाचे पदार्थ घेतले, कोणी भजनाची परंपरा घेतली आणि माझ्या वाट्याला गिरणगाव आले. मी म्हटले, "माझे शिक्षण सातवीपर्यंत. इतिहास लिहिणे हे शिकलेल्यांचे काम." त्यावर त्या म्हणाल्या, "आठवते तेवढे आठवून लिहा व बाकीचे ग्रंथालयातून वाचून लिहा." तेव्हा तसेच केले आहे. आपल्या मंडळातल्या कितीतरी जणी लालबाग, परळ, शिवडी, नायगाव सोडून इकडे डोंबिवलीस आलेल्या आहेत. त्यांना माझे काही चुकलेले दिसले तर त्यांनी मला भेटीत सांगावे, राग येणार नाही.

माझा जन्म १९७६ सालचा, लालबागच्या एका चाळीतला. खोली दहा बाय बाराची. आत मोरी, वर पोटमाळा, बाहेर सामाईक गॅलरी आणि गॅलरीच्या टोकाला संडास. नळ पहाटे यावयाचा व दोन तासांत जावयाचा. या खोलीत आम्ही घरची चार माणसे राहत होतो व अकरा माणसे जेवत होती, कारण आईची खाणावळ होती. बाबा गिरणीत साचेखात्यात होते. साचा म्हणजे माग. ज्यांनी गिरणी पाहिली नाही त्यांना सांगते, शेकडो माग एका छताखाली एकदम चालू असले की शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. म्हणून साचेवाले खुणांनी बोलत आणि घरी आले तरी मोठ्याने बोलत. आमच्या चाळीत कोणी हळू बोलला की तो आजारी आहे किंवा कर्ज मागायला आला आहे असे समजत. बाबा पाळीवरून येत तेव्हा त्यांच्या केसांत, भुवयांत आणि कानांच्या पाळ्यांवर कापसाची पुंजकी बसलेली असत. मी ती वेचून काढीत असे आणि त्याचे मला फार कौतुक वाटे. तीच पुंजकी श्वासाबरोबर छातीत जातात, त्यातून दम्यासारखा खोकला जडतो व तो मरेपर्यंत जात नाही, हे मला मोठेपणी कळले. बाबांना तो होता.

आता थोडे जुने. मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी दावर या पारशी गृहस्थांनी १८५४ साली काढली व १८५६ साली ती ताडदेवला चालू झाली. पुढे परळ, लालबाग, चिंचपोकळी, वरळी या बाजूंना गिरण्यांवर गिरण्या उभ्या राहिल्या. रेल्वे जवळ, जागा स्वस्त आणि माणूसही स्वस्त. माणूस आला तो रत्नागिरी, सातारा, पुणे, कोल्हापूर या बाजूंनी. तो एकटा यावयाचा. बायको गावी शेत व सासूसासरे सांभाळी, कारण गिरणीच्या पगारात मुंबईत बिऱ्हाड चालविणे पुष्कळांना जमत नसे. एकेका गावचे लोक मिळून एक गाळा घेत व त्यात वीस-वीस, तीस-तीस माणसे पाळीपाळीने झोपत. दिवसपाळीचा उठला की रातपाळीचा त्याच वळकटीवर पडावयाचा. पुढे १९२० नंतर सरकारने वरळी, नायगाव, शिवडी व डिलाईल रोड येथे बीडीडी चाळी बांधल्या, पण त्या सगळ्यांना पुरत्या कशा? आणि एवढ्या एकट्या पुरुषांना जेवू घालावयाचे काम कोणी केले? तर ज्यांची बिऱ्हाडे मुंबईत होती त्या बायकांनी. गिरणीच्या इतिहासात चिमण्यांची उंची सापडते, चात्यांची संख्या सापडते, पण रोज पहाटे चारला उठून ज्यांनी भाकऱ्या थापल्या त्यांचा उल्लेख मला शोधावा लागला. माझी ही तक्रार आहे आणि ती मी येथे नोंदवून ठेवते.

बायका गिरणीतही होत्या. वायंडिंग व रिलिंग या खात्यांत, म्हणजे सूत गुंडाळण्याच्या कामावर, त्या पुष्कळ असत आणि त्यांच्यावर नायकीण असे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची पहिली संघटना उभी केली. आठवड्याची सुट्टी मिळावी म्हणून त्यांनी १८९० साली जी मोठी सभा भरविली तिच्यात दोन कामकरी बायकांनीही भाषणे केली, हे वाचून मला फार आनंद झाला. त्या वर्षी १० जूनला रविवारच्या सुट्टीचा निर्णय झाला. आपण सगळ्या रविवारी उशिरा उठतो, त्या वेळी लोखंड्यांची आठवण काढावयास हरकत नाही. (आपल्याला मात्र रविवारी काम दुप्पट असते, तो भाग निराळा.) बाळंतपणाच्या रजेचा व भत्त्याचा कायदा मुंबई इलाख्यात १९२९ साली झाला. त्याच्या बाजूने डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर कायदेमंडळात बोलले होते. परंतु रात्री बायकांना कामावर ठेवावयाचे नाही असा नियम होता व गिरण्या तीन पाळ्यांत चालू लागल्या. नवी यंत्रेही आली. मग बायका कमी कमी होत गेल्या. माझी आजी वायंडिंगला होती. आईला ते काम मिळाले नाही म्हणून तिने चूल धरली.

आणखी एक गोष्ट लिहिल्यावाचून पुढे जाववत नाही. साचेखात्यात पगार बरा, पण तेथे अस्पृश्य मानलेल्या माणसांना घेत नसत. धोट्यातली कांडी बदलताना सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे, त्याला विटाळ होईल म्हणून! १९२८ सालचा मोठा संप झाला तेव्हा बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढे आणला. एकाच भोंग्याला उठणारे, एकाच नळावर भांडणारे लोक हे. चाळीतली एकी आम्ही फार सांगतो, आणि ती होतीही, पण तिच्यात ही फट होती.

भोंग्याविषयी लिहावयास हवे. आमच्या घरात घड्याळ होते, पण ते चाले असे आठवत नाही. सकाळी सातला पहिली पाळी, दुपारी साडेतीनला दुसरी, रात्री बाराला तिसरी. आई भोंग्यावर भात टाकी, भोंग्यावर डबे भरी. अकरा जणांत चौघे पहिल्या पाळीचे, पाच दुसऱ्या पाळीचे व दोघे रातपाळीचे होते, म्हणून आमची चूल सहसा थंड होत नसे. डाळ, भाजी, भाकरी, भात. बुधवारी सुकट किंवा बोंबील. रविवारी एकच वेळ जेवण, पण मटणाचे. त्या दिवशी सगळे एकदम यावयाचे व गॅलरीत पाट मांडावे लागत. शेजारी कुरकुर करीत नसत, कारण रस्सा त्यांच्याकडेही जाई.

हिशेबाची एक वही होती. आईला लिहितावाचता येत नव्हते. ती सांगे व माझा भाऊ लिही. कोणाचा खाडा, कोणाचा पाहुणा जेवला, कोणी अंडे जास्त घेतले, सगळे त्या वहीत. पगाराच्या दिवशी गडी पैसे देत व त्यातून वाण्याची उधारी भागे. वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज यांत खाणावळवाल्या बायका पिचून जात. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अशाच बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले व त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. पलीकडच्या चाळीतल्या दोघी त्यात गेल्या. आई गेली नाही. बँकेचे कर्ज म्हणजे घरावर टाच, अशी तिची समजूत. पुढे तिला याचा पस्तावा झाला. मंडळ म्हणजे नुसते हळदीकुंकू नव्हे, हे ती उतारवयात मला सांगत असे.

हळदीकुंकवावरून संपाकडे येते.

१९८२ च्या संक्रांतीला आईने नेहमीप्रमाणे हळदीकुंकू केले. खाणावळीमुळे तिला दुपारचा एकच तास मोकळा मिळे, त्या तासात सगळा मजला येऊन जाई. वाण म्हणून प्लास्टिकच्या गाळण्या दिल्या होत्या. त्यानंतर चार दिवसांनी, १८ जानेवारीला, डॉक्टर दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. बोनसचे भांडण होते, पगारवाढीची मागणी होती, आणि १९४६ च्या कायद्याने ज्या एकाच संघटनेला गिरणी कामगारांच्या वतीने बोलण्याचा हक्क दिला होता, तो कायदा जावा अशी मागणी होती. मला त्या वयात एवढेच कळले की बाबा दिवसा घरी असतात व भोंगा वाजत नाही. पहिले काही दिवस आम्हा मुलांना मोठी मौज वाटली. लोक गॅलरीत बसून पत्ते खेळत. महिना-दोन महिन्यांत सुटेल असे सगळे म्हणत. आईची भाताची वेळ चुकू लागली. भोंग्यावाचून तिला अंदाज येईना.

मग गडी गावी जाऊ लागले. पावसाळ्याआधी सात जण गेले, शेतीची कामे तरी होतील म्हणून. जाताना प्रत्येकाने वहीत आपला आकडा लिहून घेतला व "संप सुटला की पहिल्या पगारात देतो, वहिनी" असे सांगितले. चौघे राहिले. त्यांना कमाई नव्हती, पण आईने त्यांचे ताट बंद केले नाही. भाकरी अर्धी झाली, मटण गेले, मग डाळ पातळ झाली. आधी तांब्याचे हंडे गेले, मग मोठी पितळी पातेली गेली. त्या पातेल्यांवर खाणावळ चालली होती, म्हणून ती गेली त्या दिवशी आई जेवली नाही. बाबांनी पुलाखाली भाजी विकावयास सुरुवात केली. साचेवाल्याच्या गळ्यातला तो मोठा आवाज भाजी विकावयास उपयोगी पडला, असे ते स्वतः हसून सांगत. भाऊ आठवीत होता. पुढल्या वर्षी त्याने शाळा सोडली व तो भिवंडीला यंत्रमागावर गेला. संपातले कितीतरी कामगार तिकडेच गेले होते. जे कापड मुंबईत विणावयाचे थांबले ते तिकडे विणले जात होते.

आमच्या वरच्या मजल्यावर एक बिऱ्हाड होते. नाव लिहीत नाही. त्या काका बाबांच्याच गिरणीत, त्याच खात्यात. संपाला आठ-नऊ महिने झाले तेव्हा काही गिरण्या थोड्या थोड्या चालू होऊ लागल्या व ते काका कामावर गेले. पहाटे पोलिसांच्या बंदोबस्तात कामगारांच्या गाड्या आत जात, त्यातून. त्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेली म्हातारी आई होती व औषधे चालू होती. पण हा विचार करण्याच्या मनःस्थितीत कोणी नव्हते. चाळीने त्यांना वाळीत टाकले. नळावर त्या काकूंची कळशी आली की बाकीच्या बायका बाजूला होत. त्यांच्या दारावर कोणी काळे फासले. १९८३ च्या संक्रांतीला आईने हळदीकुंकू केले, साखरेऐवजी गुळाचे, वाणाला काही नाही, आणि त्या काकूंना बोलावणे गेले नाही.

त्यांची मुलगी माझ्या वर्गात, माझ्याच बाकावर होती. आम्ही दोघी जून १९८२ मध्ये एकदमच पहिलीत गेलो होतो. एके दिवशी तिने आपल्या डब्यातला लाडू मला पुढे केला. मी म्हटले, "फुटीराच्या घरचे आम्ही खात नाही." शब्दाचा अर्थ मला धड ठाऊक नव्हता. तो मी गॅलरीत ऐकला होता. तिने लाडू परत डब्यात ठेवला व डबा दप्तरात ठेवला. दुसऱ्या दिवशी ती पलीकडच्या बाकावर बसली. चौथीनंतर तिला दुसऱ्या शाळेत घातले, तोवर आम्ही एकमेकींशी बोललो नाही.

संप सुटला असे कोणी कधी जाहीर केले नाही. तो विरून गेला. १९८३ च्या ऑक्टोबरात सरकारने तेरा गिरण्या ताब्यात घेतल्या, पण लाखाहून अधिक माणसांची नोकरी परत आली नाही. बाबांना परत घेतले नाही. गिरणीच्या दाराशी ते कितीदा गेले हे आई मोजीत असे; चौदा वेळा. मी सातवी झाले तेव्हा म्युनिसिपालिटीची शाळा संपली. पुढच्या शाळेची फी हा प्रश्न नव्हता, प्रश्न आईच्या हातांचा होता. खाणावळ पुन्हा उभी करीत होती, गडी आता गोदीतले व बांधकामावरचे होते, आणि भाकऱ्या थापावयास दुसरे कोणी नव्हते. मी रडले थोडे. आईही रडली, पण पीठ मळता मळता.

वहीतल्या अकरा जणांपैकी एकाने १९८६ साली येऊन पैसे चुकते केले व वर कोकमाची बाटली दिली. आणखी एकाच्या बायकोने गावाहून दोन खेपांत तांदूळ पाठवून फेडले. बाकीचे आले नाहीत. आई त्यांना नावे ठेवीत नसे. "असते तर दिले असते," एवढेच म्हणे.

१९९० साली भावाचे बरे चालू लागले. एके दुपारी आईने त्याला वही काढावयास सांगितली व एक पान वाचून घेतले. मग मला घेऊन ती वाण्याकडे गेली. अकरा किलो तांदूळ घेतले, चांगले, रेशनचे नव्हेत. पिशवी मी धरली. मला वाटले, कोणाच्या लग्नाचे जेवण असावे. पण आई जिना चढून आमचा मजला ओलांडून वर गेली व त्या काकूंच्या दारात उभी राहिली. आठ वर्षांत ती त्या दारी उभी राहिलेली मी पाहिली नव्हती.

आई म्हणाली, "तुमचे तांदूळ."

काकूंनी पिशवीकडे पाहिले व म्हणाल्या, "कसले तांदूळ? मी कधी दिले तुम्हाला?"

"सगळे लिहिलेले आहे."

"मला नाही आठवत," असे म्हणून त्यांनी दार लोटून घेतले. जोरात नव्हे, हळूच.

जिन्यात मी आईला विचारले तेव्हा मला कळले. संपाच्या त्या दुसऱ्या हिवाळ्यात, चाळ झोपली की काकू रात्री संडासाच्या बाजूने खाली येत व आमच्या दाराशी पदराखालून आणलेले तांदूळ ठेवून जात. त्यांच्या घरी पगार येत होता. किलो, कधी दीड किलो. आई ते उचलून घेई, सकाळी भावाला लिहावयास सांगे, आणि त्याच सकाळी नळावर काकूंची कळशी आली की इतरांबरोबर बाजूला होई. भावाला तिने शपथ घातली होती. मी लाडू नाकारला त्या दिवशी आमच्या पातेल्यात कोणाचा भात शिजला होता, हे आता सांगता येत नाही.

मी आईला म्हटले, मग हळदीकुंकवाला का नाही बोलावलेस? ती म्हणाली, "बोलावले असते तर चौघींनी विचारले असते का म्हणून. मग तिचे तांदूळही बंद झाले असते आणि आपली खाणावळही." एवढे बोलून ती थांबली आणि मग म्हणाली, "भ्याले मी." बाबांना हे ठाऊक होते की नाही, हे मी कधी विचारले नाही. पुढे खोकला फार वाढला तेव्हा एकदा त्या काकांचा विषय निघाला असता बाबा म्हणाले, "तो गेला ते बरोबर होते असे मी मरेपर्यंत म्हणणार नाही. पण दाराला काळे फासायला नको होते." बाबा २००४ साली गेले.

१९९१ साली गिरण्यांच्या जमिनीविषयीचे नियम बदलले, २००१ साली पुन्हा बदलले, आणि आम्ही ज्या भिंतींच्या कडेने शाळेत जात होतो त्यांच्या आत बाजार व टोलेजंग इमारती झाल्या. डॉक्टर सामंतांचा १९९७ साली खून झाला. गिरणी कामगारांच्या घरांची सोडत २०१२ साली निघाली तेव्हा भावाने बाबांचा पास व पगाराच्या चिठ्ठ्या जोडून अर्ज केला होता. नंबर लागला नाही. त्याआधीच, १९९६ साली, आम्ही चाळीतली खोली सोडून इकडे आलो होतो. काकूंचे बिऱ्हाड त्याहीपूर्वी नालासोपाऱ्यास गेल्याचे ऐकले.

त्या अकरा किलो तांदळांचा आईने त्याच रात्री भात घातला व गड्यांना पोटभर वाढला. भावाने विचारले, "आता ती ओळ खोडू का?" ती नको म्हणाली. आई २०११ साली गेली, तेव्हापासून वही माझ्याकडे आहे. पाने पिवळी पडली आहेत, पण भावाचे अक्षर ठसठशीत असल्यामुळे वाचता येते. नाव कोठे नाही. 'वरची बाई, तांदूळ', इतकेच लिहिले आहे, आणि पुढे तारीख व वजन.